सेफॅलेक्सिन दिवसातून किती वेळा, हे किडनी ठरवते

एकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचं वय ७२, वजन ५० किलो, मधुमेह आहे, मेटफॉर्मिन चालू आहे, शेवटचं क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ततपासणी) १.४. डाव्या पोटरीवर सेल्युलायटिस, म्हणजे त्वचेचा जंतुसंसर्ग, म्हणून डॉक्टरांनी सेफॅलेक्सिन हे प्रतिजैविक ५०० मिलिग्रॅम दर सहा तासांनी पाच दिवस लिहून दिलं. मेडिकलमध्ये सांगितलं, ‘हे फार जुनं औषध, त्यापेक्षा सेफिक्झिम न्या, दोनदाच घ्यायची.’ तसं बदलावं का, हा पहिला प्रश्न. चारऐवजी दोनदा, दुप्पट डोस करून चालेल का, हा दुसरा प्रश्न. आणि पूर्वी कधीतरी ‘पेनिसिलिन चालत नाही’ असं कुणी सांगितलं होतं, त्याचं काय, हा तिसरा.

आधी निर्णय सांगतो, मग कारणं. औषधाची निवड बरोबर आहे. सेफिक्झिमची बदली चुकीची आहे. किडनी ठणठणीत असलेल्या माणसाने दोनदा दुप्पट करणं बरोबर नाही, पण तुमच्या आईंना चार वेळांची गरज बहुधा नाहीच, आणि त्याचं कारण सोय नसून ते १.४ क्रिएटिनिन आहे. डॉक्टरांना तो आकडा ठाऊक आहे का, हे आजच फोन करून विचारा. ॲलर्जीबद्दल मात्र ‘नेमकं काय झालं होतं’ हे कळल्याशिवाय पहिली कॅप्सूलही देऊ नका.

आता सविस्तर.

सेफॅलेक्सिन ही सेफॅलोस्पोरिन कुळातली पहिल्या पिढीची, तोंडाने घ्यायची गोळी. कुळाचा मूळपुरुष सार्डिनियातल्या काल्यारी शहरात, समुद्रात सांडपाणी सोडणाऱ्या नळाजवळ सापडलेली एक बुरशी. ज्युसेप्पे ब्रोत्झू यांनी १९४५ मध्ये ती वेगळी केली, ऑक्सफर्डमध्ये एडवर्ड अब्राहम आणि गाय न्यूटन यांनी १९५० च्या दशकात तिच्यातून सेफॅलोस्पोरिन सी काढलं. ते स्वतः फार प्रभावी नव्हतं आणि पोटातून शोषलंही जात नव्हतं. पहिली उपयोगी सेफॅलोस्पोरिनं म्हणून इंजेक्शनंच होती. सेफॅलोग्लायसिन हे तोंडाने द्यायचं औषध आलं, पण शोषण अर्धवट. सेफॅलेक्सिनमध्ये रसायनज्ञांनी दोन गोष्टी जुळवल्या. रेणूच्या सातव्या जागी अँपिसिलिनसारखीच फेनिलग्लायसिनची बाजूसाखळी बसवली आणि तिसऱ्या जागी असलेला, शरीरात तुटणारा ॲसिटॉक्सी गट काढून तिथे साधा मिथाइल ठेवला. या दोन बदलांत औषधाचं पुढचं सगळं वागणं आलं. पोटातल्या आम्लात ते टिकतं, आणि लहान आतड्यातला पेप-टी-१ नावाचा वाहक, ज्याचं खरं काम प्रथिनांचे छोटे तुकडे आत ओढणं, तो या रेणूला आपलाच माल समजून आत घेतो. म्हणून तोंडाने घेतलेल्या डोसपैकी सुमारे ९० टक्के रक्तात पोचतो. प्रतिजैविकांत ही फार वरची टक्केवारी आहे. ‘सुई जास्त जोरदार’ हा समज इतर काही औषधांबाबत खरा असेल, इथे त्यात फारसा दम नाही.

जेवणासोबत घेतलं तर रक्तातली शिखर पातळी थोडी उशिरा येते आणि थोडी बुटकी राहते, पण एकूण शोषण जवळजवळ तेवढंच. उपाशीपोटी मळमळत असेल तर खाऊन घ्या, काही बिघडत नाही. खरी अडचण जस्ताची आहे. आपल्याकडे प्रतिजैविकाच्या सोबतीला बी-कॉम्प्लेक्सची कॅप्सूल लिहायची जुनी सवय आहे आणि त्यातल्या पुष्कळांत झिंक असतं. झिंक आणि सेफॅलेक्सिन एकत्र पोटात गेले, किंवा झिंक आधी घेतलं, तर तो पेप-टी-१ वाहक अडतो आणि शोषण घटतं. म्हणून आधी सेफॅलेक्सिन, आणि झिंक त्यानंतर तीन तासांनी. पाच दिवस ती कॅप्सूल बंदच ठेवली तरी कुणाचं नुकसान नाही.

आता वेळांचं गणित, कारण तुमच्या प्रश्नाचा गाभा तिथेच आहे. किडनी चांगली असलेल्या माणसात २५० मिलिग्रॅमनंतर तासाभरात रक्तातली पातळी साधारण ९, ५०० नंतर १८ आणि १ ग्रॅमनंतर ३२ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर होते. अर्धायुष्य, म्हणजे पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ, साधारण एक तास. यकृतात त्याचं काहीही होत नाही. किडनी ते गाळूनही टाकते आणि नलिकांतून ढकलूनही टाकते, आठ तासांत ९० टक्क्यांहून अधिक औषध जसंच्या तसं लघवीत.

जंतू मारायला सेफॅलोस्पोरिनला उंच शिखर लागत नाही, वेळ लागतो. दोन डोसांच्या मधल्या काळापैकी साधारण ४० ते ५० टक्के वेळ पातळी त्या जंतूला रोखणाऱ्या किमान पातळीच्या वर राहिली पाहिजे. त्वचेच्या संसर्गातला नेहमीचा जंतू म्हणजे स्टॅफिलोकोकस. त्याच्या साध्या प्रकारासाठी ती किमान पातळी ४ धरा. ५०० मिलिग्रॅम घेतल्यावर पहिल्या तासाला १८, दुसऱ्याला ९, तिसऱ्याला साडेचार, चौथ्याला सव्वादोन. म्हणजे साधारण तीन तास औषध कामावर. सहा तासांनी पुढचा डोस असेल तर सहापैकी तीन, निम्मा वेळ, जमलं. तोच डोस बारा तासांनी दिला तर बारापैकी तीन. बरं, दुप्पट करून १ ग्रॅम दिलं तर? ३२, १६, ८, ४. दुप्पट औषध खर्ची घालून आपण जेमतेम एक तास विकत घेतला. बारापैकी चार, म्हणजे एक तृतीयांश. डोस दुप्पट केला की फक्त एक अर्धायुष्य वाढतं, आणि इथे अर्धायुष्यच एक तासाचं. ‘दोनदा दोन-दोन’ हा हिशेब इथे फसतो तो यामुळे.

मग काही आजारांत सेफॅलेक्सिन दोनदाच का देतात? कारण तिथे गणित वेगळं आहे. घशाच्या स्ट्रेप्टोकोकससाठी किमान पातळी अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या आसपास असते. १८ पासून ०.५ पर्यंत उतरायला पाच अर्धायुष्यं लागतात, म्हणजे सहाएक तास, आणि बाराचे निम्मे झाले. म्हणून त्या आजारात मोठ्यांना ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा चालतं, फक्त दहा दिवस पूर्ण करावे लागतात. साध्या मूत्राशयाच्या संसर्गात तर लढाई रक्तात नसून लघवीत आहे. ५०० मिलिग्रॅमनंतर लघवीतली पातळी २,००० मायक्रोग्रॅमच्या वर जाते, रक्ताच्या शंभरपट. तिथेही दोनदा पुरतं. पण संसर्ग किडनीपर्यंत चढला, थंडी वाजून ताप आला, कंबरेत दुखू लागलं, तर लघवीतल्या त्या आकड्याचा उपयोग संपतो. किडनीच्या मांसात रक्तातलीच पातळी मोजायची असते.

बाजारात ३७५ आणि ७५० मिलिग्रॅमच्या, औषध हळूहळू सोडणाऱ्या गोळ्या मिळतात, त्या दोनदा घ्यायच्या असतात. त्या जेवणानंतर घ्यायच्या आणि मोडायच्या, चावायच्या किंवा कुटायच्या नाहीत. गोळी मोठी वाटते म्हणून म्हाताऱ्या माणसाला तिचे तुकडे करून दिले की ती साधी गोळी होते, आणि मग वरचं सगळं गणित परत लागू.

आता तुमच्या आईंची किडनी. क्रिएटिनिन १.४ वाचून ‘थोडंसंच वाढलंय’ असं वाटतं. पण सुकलेल्या, कमी स्नायूंच्या म्हाताऱ्या बाईच्या शरीरात क्रिएटिनिन तयारच कमी होतं, त्यामुळे १.४ हा तिच्यासाठी छोटा आकडा नाही. डोस ठरवताना कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचं जुनं सूत्र वापरतात: १४० मधून वय वजा करा, वजनाने गुणा, क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागा, बाई असेल तर ०.८५ ने गुणा. इथे ६८ गुणिले ५० म्हणजे ३,४००. भागिले ७२ गुणिले १.४, म्हणजे १००.८. येतात ३३.७, आणि ०.८५ ने गुणून सुमारे २९ मिलिलिटर प्रति मिनिट. हाच क्लिअरन्स, म्हणजे किडनी मिनिटाला किती रक्त स्वच्छ करते त्याचा अंदाज. लॅबच्या कागदावर ‘ई-जीएफआर’ म्हणून ४० च्या जवळपासचा आकडा छापलेला असेल. दोन्हींत घोळ नाही, सूत्रं वेगळी आहेत. कागदावरचा आकडा प्रमाणित आकाराच्या शरीरासाठी असतो. लहान चणीच्या वृद्धांमध्ये तो गोड बातमी देतो.

सेफॅलेक्सिनच्या लेबलवर क्लिअरन्स ३० ते ५९ असेल तर वेळा बदलायची गरज नाही, पण दिवसाचा डोस १ ग्रॅमच्या वर जाऊ नये असं म्हटलं आहे. १५ ते २९ ला २५० मिलिग्रॅम दर आठ ते बारा तासांनी. ५ ते १४ ला २५० मिलिग्रॅम दिवसातून एकदाच. डायलिसिसमध्ये औषध धुऊन निघतं, म्हणून त्या दिवशीचा डोस डायलिसिसनंतर. आई नेमक्या सीमेवर आहेत आणि लिहिलेला डोस दिवसाला २ ग्रॅम आहे. हा डोस किडनी चांगली असलेल्या माणसाचा आहे.

सीमेवरच्या आकड्याला चिकटून बसण्यातही शहाणपण नसतं. पहिला डोस किडनीवर ठरत नाही, शरीरात औषध किती जागा व्यापतं त्यावर ठरतो, म्हणून तो पूर्ण ५०० द्यायला हरकत नसते. शिवाय आजाराच्या पहिल्या दोन दिवसांत क्रिएटिनिन तापामुळे, पाणी कमी प्यायल्यामुळे तात्पुरतं चढलेलं असू शकतं. अशा वेळी हात आखडून डोस दिला की संसर्ग पुढे जातो. या कुळातल्या औषधांत डोस थोडा जास्त होण्यापेक्षा गंभीर संसर्गात कमी पडणं जास्त महागात पडतं, असं माझं मत आहे. पण रोज २ ग्रॅम पाच-सात दिवस, क्लिअरन्स २९ असताना, हेही नको. साचलेलं बीटा-लॅक्टम औषध (पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन ज्यात येतात तो गट) मेंदूला चिथावतं. गोंधळल्यासारखं होणं, स्नायू उडणं, क्वचित फिट. घरचे ‘तापात बरळतेय’ म्हणून सोडून देतात. क्रिएटिनिन फिरून तपासा, आणि डोस किती व कितीदा हे डॉक्टरांनी त्या आकड्यावर ठरवावं. गंमत अशी की किडनी मंदावली की अर्धायुष्यही लांबतं, एक तासाचं काही तासांवर जातं. म्हणजे जे ‘दोनदा’ धडधाकट माणसाला कमी पडलं असतं, तेच अशा बाईला पुरतं, तेही डोस दुप्पट न करता. आठ तासांनी ठरलं तर सकाळी ६, दुपारी २, रात्री १० लक्षात ठेवायला सोपं. ज्यांना खरोखर सहा तासांनी घ्यायची आहे त्यांनी रात्री गजर लावून उठायची गरज नाही. सकाळी ७, दुपारी १२, संध्याकाळी ६, रात्री ११ असं बसवलं तरी काम होतं.

मेटफॉर्मिनचा मुद्दा इथेच जोडून घ्या. सेफॅलेक्सिन मेटफॉर्मिनला किडनीतून बाहेर पडताना अडवतं. एकत्र घेतल्यावर मेटफॉर्मिनची शिखर पातळी सरासरी ३४ टक्के आणि एकूण मात्रा २४ टक्के वाढते. चांगल्या किडनीत हे कुणाच्या लक्षातही येत नाही. ई-जीएफआर ३० ते ४५ च्या पट्ट्यात मेटफॉर्मिन दिवसाला १ ग्रॅमपर्यंतच ठेवतात. आई त्याहून जास्त घेत असतील तर तोही विषय त्याच फोनवर काढा. उलट्या, जुलाब, जेवण बंद असं झालं तर मेटफॉर्मिन थांबवायचं का, हे त्याच दिवशी विचारा.

आता ‘जुनं’ आणि ‘नवं’. पिढी हा शब्दच दिशाभूल करतो. पहिलीपेक्षा तिसरी पिढी ‘स्ट्राँग’ असं दुकानातच नव्हे, दवाखान्यातही ऐकू येतं. खरं असं की पिढ्या बदलताना औषधाचा मोहरा फिरला. पहिल्या पिढीचा जोर ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतूंवर, म्हणजे स्टॅफिलोकोकस आणि स्ट्रेप्टोकोकस, आणि त्वचेच्या संसर्गात गाठ पडते ती मुख्यतः याच दोघांशी. तिसऱ्या पिढीतल्या तोंडाच्या औषधांनी ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंवर पकड मिळवली आणि त्या बदल्यात सेफिक्झिमने स्टॅफिलोकोकसवरची पकड जवळपास गमावली, कारण त्या जंतूच्या भिंत बांधणाऱ्या एन्झाइमांना ते नीट चिकटतच नाही. पू नसलेल्या साध्या सेल्युलायटिसमध्ये बहुतेक वेळा स्ट्रेप्टोकोकस असतो आणि त्याला सेफिक्झिम मारेलही. पण जखम, पुळी, पू, मधुमेह यांपैकी काही असलं की स्टॅफिलोकोकस धरून चालावं लागतं, आणि तिथे सेफिक्झिम म्हणजे नुसता विश्वास. जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिजैविकांची जी वर्गवारी केली आहे तिच्यात सेफॅलेक्सिन ‘ॲक्सेस’ गटात, म्हणजे आधी हात घालायच्या औषधांत आहे. सेफिक्झिम ‘वॉच’ गटात, म्हणजे जपून वापरायच्या. आपल्याकडेही सेफिक्झिम अनुसूची एच-१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या जास्त कडक यादीत आहे, विक्रीची वेगळी नोंदवही ठेवावी लागते. आणि एच किंवा एच-१ मधल्या औषधाच्या चिठ्ठीवर दुकानदाराला परस्पर दुसरं औषध देताच येत नाही. हे त्यांना शांतपणे सांगा. सेफॅलेक्सिन दुकानात नसेल तर दुसऱ्या दुकानात बघा, किंवा डॉक्टरांकडून सेफाड्रॉक्सिलचा पर्याय विचारा. ते याच पिढीचं, अर्धायुष्य थोडं लांब, म्हणून दोनदा घेता येतं. किडनीनुसार डोस त्याचाही बदलतो.

नावांचा घोळ वेगळाच. सेफॅलेक्सिन, सेफिक्झिम, सेफ्युरॉक्झिम, सेफपोडॉक्झिम, सगळ्यांची सुरुवात ‘सेफ’ने. घाईतल्या अक्षरात शेवट वाचता येत नाही. स्ट्रिपवरचं छोट्या अक्षरातलं मूळ नाव वाचा, ब्रँडचं नको.

सेफॅलेक्सिन काम कसं करतं हे थोडक्यात. जंतूच्या भोवती पेप्टिडोग्लायकनची विणलेली भिंत असते. तिचे धागे आडवे बांधणारी जी एन्झाइमं आहेत त्यांना हा रेणू धाग्याच्या टोकासारखा भासतो. ती त्याला पकडतात आणि कायमची अडकतात. जंतू वाढत राहतो, भिंत बांधली जात नाही, शेवटी फुटतो. ई. कोलायमध्ये सेफॅलेक्सिन मुख्यतः पेशी दुभागणाऱ्या एन्झाइमाला धरतं, त्यामुळे तो जंतू न तुटता शेवयांसारखा लांबत जातो. प्रयोगशाळेत मुद्दाम असे लांब ई. कोलाय हवे असले तर सेफॅलेक्सिनच वापरतात. बहुतेक स्टॅफिलोकोकस पेनिसिलिनेज सोडतात, साधं पेनिसिलिन त्याने फुटतं, सेफॅलेक्सिन त्याला टिकतं. पण स्टॅफिलोकोकसच्या एमआरएसए या प्रकाराने भिंत बांधणारं एन्झाइमच बदललेलं असतं, तिथे हे औषध शून्य. तशीच शून्य यादी पुढे: एन्टेरोकोकस, स्यूडोमोनास, ॲसिनेटोबॅक्टर, एन्टेरोबॅक्टर, लिस्टेरिया, मायकोप्लाझ्मा, आतड्यातले बॅक्टेरॉइड्स. कुत्र्यामांजराच्या चाव्यात पाश्चुरेला नावाचा जंतू असतो, तोही सेफॅलेक्सिनला दाद देत नाही, म्हणून चावल्यावर घरात उरलेल्या चार कॅप्सूल खाणं ही फसवी सुरक्षितता. मेंदूज्वरात उपयोग नाही, कारण औषध मेंदूच्या द्रवात पुरेसं पोचत नाही. आणि भारतात ई. कोलायमध्ये ईएसबीएल प्रकार, म्हणजे सेफॅलोस्पोरिन फोडणारं एन्झाइम सोडणारा, इतका पसरला आहे की लघवीच्या संसर्गात कल्चर (जंतू वाढवून कोणतं औषध चालेल ते बघायची तपासणी) न करता सेफॅलेक्सिन देणं आता जुगार वाटतो.

कल्चरचा कागद आला तर त्यात ‘सेफॅलेक्सिन’ असा शब्द बहुधा सापडणार नाही. पुष्कळ जण तिथेच अडकतात. स्टॅफिलोकोकस असेल तर सेफॉक्सिटिनसमोर काय लिहिलंय ते पाहा. तिथे ‘आर’ (औषधाला दाद देत नाही) असेल तर जंतू एमआरएसए आहे, सेफॅलेक्सिन बंद करावं लागेल. ‘एस’ (दाद देतो) असेल तर चालेल. लघवीतला ई. कोलाय, क्लेबसिएला किंवा प्रोटियस मिराबिलिस असेल तर सेफॅझोलिनची ओळ बघतात. साध्या मूत्राशयाच्या संसर्गात ती तोंडाच्या सेफॅलोस्पोरिनांची प्रतिनिधी समजली जाते. सेफोटॅक्झिमला ‘आर’ आणि सेफॅलेक्सिन चालू, असं दिसलं तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुढचा डोस देऊ नका.

ॲलर्जी. पेनिसिलिन चालत नसेल तर दहापैकी एकाला सेफॅलोस्पोरिनही चालणार नाही, हा आकडा पाठ झालेला असतो. तो जुन्या काळातला आहे, जेव्हा या औषधांत पेनिसिलिनचे अंश मिसळलेले असायचे, आणि ॲलर्जीचं निदानही ढिसाळ होतं. आज संपूर्ण कुळासाठी धोका दोन टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी मानतात. पण सेफॅलेक्सिनपुरती एक अडचण उरते आणि ती वर सांगितलेल्या बाजूसाखळीतून येते. अँपिसिलिन आणि सेफॅलेक्सिन यांची बाजूसाखळी एकच, सेफॅक्लोरचीही तीच. अमॉक्सिसिलिन आणि सेफाड्रॉक्सिल यांची एकमेकांशी तंतोतंत आणि यांच्याशी जवळजवळ सारखी. शरीर बहुतेक वेळा ओळखतं ते या साखळीला. म्हणून अँपिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन घेतल्यावर तासाभरात अंगावर गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, श्वास लागला, चक्कर येऊन पडल्या असं झालेलं असेल तर सेफॅलेक्सिन नको, सेफाड्रॉक्सिलही नको. अंगाची सालं निघाली, तोंडात-डोळ्यांत फोड आले असा इतिहास असेल तर या कुळातलं काहीच नको. पण ‘गोळीने मळमळलं’, ‘पोट बिघडलं’, ‘सुई फार दुखली’ ही ॲलर्जी नव्हे. ‘टेस्ट डोसला लाल झालं’ यावरूनही फार काही सिद्ध होत नाही. औषधाचं नाव, किती वेळाने काय झालं, दवाखान्यात न्यावं लागलं का, नंतर कधी अमॉक्सिसिलिन घेऊन काही झालं नाही असं घडलंय का, एवढं आईंना किंवा मावशी-मामांना विचारून घ्या. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर बहुतेक चिंता मिटते.

बाकी त्रास किरकोळ: मळमळ, पातळ शौच, बायकांत योनीत बुरशीची खाज. पाण्यासारखे जुलाब दिवसात बरेचदा, पोटात कळा, ताप किंवा रक्त असेल तर क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या आतड्यातल्या जंतूची शंका घ्यावी. हा प्रकार औषध संपल्यावर दोन महिन्यांपर्यंतही उद्भवू शकतो, आणि तेव्हा जुलाब थांबवायची गोळी स्वतःहून देऊ नये. वॉरफेरिन (रक्त पातळ ठेवायची गोळी) चालू असेल तर मधेच आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी, करून घ्या. दारूबरोबर घेतलं की उलट्या होतात हा नियम या कुळातल्या काही इंजेक्शनांचा आहे. त्यांच्या तिसऱ्या जागेवर एक विशिष्ट गट असतो, सेफॅलेक्सिनच्या त्या जागी साधा मिथाइल आहे. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना हे औषध वर्षानुवर्षं वापरात आहे, स्तनाच्या संसर्गात तर नेहमीच. एक गोष्ट मधुमेही घरात उपयोगी पडेल. काही ठिकाणी अजून बेनेडिक्टचं निळं द्रावण उकळून लघवीतली साखर बघतात. सेफॅलेक्सिन चालू असताना ती चाचणी खोटीच साखर दाखवू शकते. पट्टीवरची चाचणी किंवा बोटातलं रक्त बरोबर असतं.

लहान मुलांच्या ड्राय सिरपचं इथे काम नाही, तरी घरात नातवंडं असतील म्हणून. पावडर आधी हलवून मोकळी करा, उकळून पूर्ण गार केलेलं पाणी खुणेच्या निम्म्यापर्यंत घाला, जोरात हलवा, फेस बसू द्या, मग खुणेपर्यंत भरा. एकदम खुणेपर्यंत पाणी ओतलं की पावडर विरघळताना पातळी खाली जाते आणि डोस दाट होतो. कोमट पाण्याने औषध लवकर मोडतं. त्वचेच्या संसर्गात दिवसाला किलोमागे २५ ते ५० मिलिग्रॅम, विभागून. १२ किलोच्या मुलाला ४० च्या हिशेबाने ४८० मिलिग्रॅम, म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये १२५ वालं सिरप चार वेळा एकेक मापडं. दुकानातून २५० वालं आलं आणि मापडं तेवढंच राहिलं, ही सर्वात जास्त दिसणारी चूक. भिजवलेली बाटली फ्रिजमध्ये, आणि लेबलवर लिहिलेल्या दिवसांनंतर ओतून टाका.

परत आईंच्या पायाकडे. लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ मारा आणि तारीख-वेळ लिहा. पहिल्या दिवशी लाली रेघेच्या थोडी बाहेर जाऊ शकते, जंतू मरताना दाह वाढतो, त्यावरून औषध बदलू नका. ४८ ते ७२ तासांत ताप उतरायला आणि दुखणं कमी व्हायला हवं. त्वचेचा रंग आणि सूज मागे रेंगाळतात. पाच दिवसांनी सुधारणा असेल पण पूर्ण नसेल तर डॉक्टर वाढवतील. पाय उशीवर, कमरेच्या पातळीच्या वर ठेवा, त्यानेही फरक पडतो. आत पू साठल्यासारखं मऊ लागलं तर चीर देऊन काढावा लागतो, कॅप्सूल तिथे पोचत नाही. दिसतंय त्यापेक्षा दुखणं फारच जास्त, त्वचा जांभळी-काळी, पाण्याचे फोड, दाबल्यावर करकर, बीपी उतरणं, भान हरपणं, यांपैकी एकही दिसलं तर तासाभरातच हॉस्पिटल गाठा. तो वेगळा आजार आहे आणि त्यात शस्त्रक्रिया लागते. तळव्याला खोल जखम, वास, हाड दिसणं असेल तरीही एकट्या सेफॅलेक्सिनवर भागत नाही.

आणि बोटांच्या बेचक्या उघडून बघा. पावसाळ्यात, किंवा सतत ओल्या पायाने काम करणाऱ्या बायकांना चिखल्या झालेल्या असतात. पांढरी, भिजलेली, फाटलेली ती कातडी म्हणजे स्ट्रेप्टोकोकसला उघडं दार. क्लोट्रिमॅझोलचं, म्हणजे बुरशीवरचं, मलम दिवसातून दोनदा, साधारण चार आठवडे, आणि अंघोळीनंतर प्रत्येक बेचकी सुती फडक्याने कोरडी. हे राहिलं तर हाच पाय काही महिन्यांनी पुन्हा लाल होतो.